पेटंट ‘मिळालं’ की नुसतं ‘प्रसिद्ध झालं’?

वर एका भाऊंनी नागपूरच्या प्राध्यापकांच्या पेटंटची यादी दिली आणि कर्मचाऱ्यांचं नाव कुठंच नाही, अशी दुसऱ्या कुणीतरी तक्रार केली. दोन्हीवर थोडं.

अर्ज केल्यावर 18 महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये आपसूक छापला जातो. जास्तीची फी भरून फॉर्म 9 (लवकर प्रसिद्धीची विनंती) दिला, तर त्याहून कितीतरी आधी. तोवर त्याची तपासणी झालेली नसते. तपासणी, आक्षेप, त्यांना उत्तरं, मग मंजुरी. यात वर्षं जातात. आपल्याकडे मात्र जर्नलमध्ये अर्ज छापून आला की विभागात पेढे! त्यात डिझाइन नोंदणीलाही लोक बिनधास्त पेटंट म्हणतात. ते फक्त वस्तूच्या दिसण्यापुरतं असतं. म्हणून यादीत मंजुरी क्रमांक असेल तरच मी टाळी वाजवतो. खडूस म्हणा हवं तर.

‘जगातले अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’ या यादीचंही तसंच; कुणाच्या संशोधनाचा इतरांनी किती संदर्भ दिला, त्यावरून ती काढतात. एक यादी अख्ख्या कारकिर्दीची, दुसरी एकाच वर्षातल्या संदर्भांची. बातमीत कोणती ते बहुतेकदा नसतंच.

आता कर्मचारी. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर पीएचडीचे प्रबंध चढतात, त्यामागे बहुधा ग्रंथालयातली माणसं असतात. नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्याचे कोरीव लेख संपादित केले, तो खंड 1963चा. त्यासाठी कुणीतरी ठसे घेतले असतील, टंकलेखन केलं असेल. पदोन्नतीच्या गुणांत अशा कामाला रकाना कुठाय?

यादी करणाऱ्या भाऊंनी प्रयोगशाळा सहायकांचीही नावं जमवावीत. मी मदतीला येतो.