मदत हवी आहे : नायट्रो प्रूफ नसलेली जुनी दुनळी घ्यावी का?

मंडळी, इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांपैकी कोणी जुन्या, बाहेर घोडे असलेल्या दुनळी बंदुका वापरतं का? शॉटगन सर्टिफिकेट आहे, क्ले शूटिंगही चालू असतं. एका डीलरकडे बर्मिंगहॅमची १२ बोअर पाहून ठेवली आहे. दमास्कस नळ्या (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या), त्यांवरची नक्षी अजून स्पष्ट. दोन्ही घोडे ओढताना सारखाच खणखणीत आवाज. नळ्यांखाली ‘नॉट फॉर बॉल’ असा शिक्का आहे, म्हणजे चोकवाली (तोंडाशी नळी किंचित अरुंद) आणि १८७५ ते १८८७ मधली. पण प्रूफ, म्हणजे नळीच्या ताकदीची अधिकृत चाचणी, फक्त जुन्या काळ्या दारूचं; आजच्या धूरविरहित नायट्रो दारूचं नाही. चेंबर (काडतूस बसतं तो भाग) अडीच इंची.

डीलर म्हणतो, हलकं काडतूस घाला, काही होत नाही. मला पटत नाही. काडतूस हलकं असलं तरी आत दारू नायट्रोच ना!

बर्मिंगहॅम प्रूफ हाउसला नायट्रो प्रूफसाठी पाठवावी, तर चाचणीत नळी फुगली की बंदूक गेलीच. नळीच्या भिंतीची जाडी किमान किती असेल तर तुम्ही पाठवाल? की काळ्या दारूवरच वापरावी? अशी काडतुसं घरी भरणारं कोणी असेल तर दारू-छर्‍यांचं प्रमाण सांगा. आणि धुरावरून क्लबात कुरकुर होते का?