कपाटातलं संशोधन: कोल्हापुरात कंपनी काढायची की उद्यमनगरातल्या कारखान्यांना द्यायचं?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)
गेल्या महिन्यात मी शिकवतो त्या विभागातलं जुनं कपाट आवरायला काढलं. त्यात एक सोल सापडलं. मधुमेहानं पाय बधिर झालेल्या माणसाच्या चपलेत घालायचं. टाचेखाली आणि चवड्याखाली दाबाचे सेन्सर, एकाच जागी जास्त वेळ दाब राहिला की मोबाइलवर सूचना. अशा माणसाला खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते आणि शेवटी बोट नाहीतर पाय कापायची वेळ येते. ते सोल करणारी मुलगी आज पुण्यात बँकेचं सॉफ्टवेअर लिहिते. पेपर छापून आला, डिग्री मिळाली, सोल कपाटात.

माझं स्पष्ट मत आहे, अशा कामातून विद्यार्थ्यांनी कंपनी काढावी आणि मार्गदर्शकानं सोबत उभं राहावं. बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘बिग’ ग्रँट १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळते. आयआयटी मुंबईत ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र ज्यांनी उभं केलं ते प्रा. बी. रवी मूळचे कास्टिंगमधले. साच्यात धातू कसा भरतो याचं सॉफ्टवेअर करणारा माणूस डॉक्टरांशेजारी बसून उपकरणं घडवू लागला. मग फौंड्रीच्या गावाला हे का जमू नये?

उद्यमनगरकर
सर, तळमळ कळली, पण पटलं नाही. माझं मशीन शॉप आहे, वडिलांनी एका लेथवर सुरू केलेलं. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरानं डिझाइन करायचं, जीएसटी भरायचा, उधारी वसूल करायची आणि लायसनसाठी हेलपाटे घालायचे? दोन वर्षांत ग्रँट संपते आणि पोरगं नोकरी शोधायला लागतं.

चित्रा व्हॉल्व्ह बघा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूनं हृदयाची झडप केली. आधीचे नमुने चाचणीत नापास झाले, तरी सोडलं नाही. १९९० च्या डिसेंबरात पहिल्या रुग्णाला ती बसवली. पण कारखाना संशोधकांनी काढला नाही, तंत्रज्ञान टीटीके कंपनीला दिलं. आज लाखावर झडपा बसल्यात. ज्याला माल करता येतो त्यानं माल करावा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हात आहेत, यंत्रं आहेत. आम्हाला फक्त कोणी सांगत नाही काय बनवायचं ते.

पीएचडी_तिसरं_वर्ष
दादा, द्यायचं म्हणजे नेमकं काय द्यायचं? वर्षभरापूर्वी मी एका कारखानदाराला नमुना दाखवला. त्यांनी ड्रॉइंग ठेवून घेतलं, नंतर फोन उचलला नाही. करारही नव्हता आणि पेटंटही नव्हतं. कंपनी असती तर निदान कागद माझ्या नावावर राहिला असता. आणि सर, आमच्याकडे ‘आधी पेपर छाप’ असाच दबाव असतो. पेपर आधी आला की नावीन्य गेलं, पुढे पेटंट मिळणं जवळजवळ संपतं. शैक्षणिक संस्थांची पेटंट फी २०२१ पासून ८० टक्के कमी झालीय, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

पाय_तपासणारी_डॉक्टर
तुम्ही दोघं कंपनी कुणाची यावर भांडताय. माझ्यासमोर बसणारा रुग्ण कुठंय यात?

माझ्याकडे गडहिंग्लज, राधानगरीकडून माणसं येतात. बधिर पायांना मी एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल लिहून देते. मऊ असते, स्वस्त असते, चार्ज करावी लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला मोबाइलची सूचना काय कामाची? ती चिखलात उभी असते. सर, सोल करताना त्या मुलीनं किती रुग्णांचे पाय पाहिले होते? मला खरंच जाणून घ्यायचंय.

रंकाळाकाठ
मॅडम, एकही नाही. सगळ्या चाचण्या वर्गातल्या निरोगी मुलांवर झाल्या. तुमचा प्रश्न वाचून रात्रभर अस्वस्थ होतो.

तरीही कंपनीचा मुद्दा सोडत नाही. उद्यमनगरकर, चित्रामागे अख्खी संस्था होती, शेजारी हॉस्पिटल होतं, वर्षानुवर्षं पगार मिळणारी माणसं होती. इथं एक मुलगी होती आणि तिची फेलोशिप संपली. झडप तयार होऊन टीटीकेकडे गेली. आमचं सोल अर्धवट आहे. ते पूर्ण करायला कुणीतरी दोन वर्षं त्यालाच वाहून घ्यावं लागेल. कारखाना ते करणार का?

उद्यमनगरकर
नाही करणार, खरं सांगतो. ऑर्डर नसलेल्या कामाला मी दोन वर्षं माणूस देऊ शकत नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आले, धोक्यानुसार ए ते डी असे वर्ग पडले. आयएसओ १३४८५ या उपकरणांच्या दर्जाच्या मानकाप्रमाणं प्रत्येक बॅचची नोंद ठेवायची, कुठला रबर कुठून आला तेही लिहायचं. वाहनांचे पार्ट देताना आम्ही हीच शिस्त रक्ताचं पाणी करून शिकलो. पोरांनी ती शून्यातून शिकायची म्हणजे अजून तीन वर्षं गेली.

पाय_तपासणारी_डॉक्टर
मग सेन्सर रुग्णाच्या चपलेत कशाला? दवाखान्यात एकच जोडी ठेवा. रुग्ण ती घालून दहा पावलं चालेल, दाब कुठं येतो ते मला दिसेल आणि तिथं मी एमसीआर कापून घेईन. चार्जिंग, मोबाइल काही नको. एथिक्स कमिटीची परवानगी काढा, रुग्ण मी देते.

पीएचडी_तिसरं_वर्ष
मॅडम, हे जुन्या पेपरमध्ये नाही. सर, आता तरी आधी पेटंटचा अर्ज करूया. आणि दादा, या वेळी ड्रॉइंग द्यायच्या आधी करार लागेल.

उद्यमनगरकर
कर की करार. शनिवारी शॉपवर ये, सोल घेऊन.