मदत हवी आहे: बहिणीच्या कळांच्या वेळी काकूला आत राहू देतील का?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला आठवा लागलाय. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलीय, यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या आमच्या गावी. नाव ग्रामीण रुग्णालयात घातलंय, तपासण्या वेळेवर चालू आहेत. प्रश्न आहे तो कळा सुरू झाल्यावर तिच्याजवळ कोण राहणार याचा.

पुण्याच्या माझ्या मैत्रिणीने बाळंतपणासाठी डूला ठेवली होती. डूला डॉक्टर नसते, नर्स नसते, सुईणही नसते. ती तपासत नाही, औषध देत नाही. कळा लागल्यापासून बाळ होईपर्यंत ती त्या बाईजवळून हलत नाही, धीर देते, कंबर चोळते. याचा फरक खरंच पडतो. कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये १७ देशांतल्या २६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात १५ हजारांहून जास्त बाया होत्या. ज्यांच्याजवळ सतत कुणी होतं त्यांच्यात सिझर कमी झाली, कळांचा काळ सरासरी ४० मिनिटांनी कमी झाला आणि बाळंतपण वाईट गेलं असं सांगणाऱ्याही कमी निघाल्या.

मला हे शेवटचं फार पटतं. माझ्या वेळी आईला दाराबाहेर बसवलं होतं. आत सिस्टर एक आणि अडलेल्या बाया तीन. कुणी वाईट वागलं नाही, पण रात्रभर मला कुणी नावाने हाकही मारली नाही. बहिणीला तसं एकटं पडू द्यायचं नाही.

आमच्या भागात डूला कुठली मिळणार? पण काकू आहे. तिची स्वतःची तीन बाळंतपणं झालीत, गावातल्या जुन्या सुईणीसोबत ती कितीतरी घरी गेलीय, आणि कितीही धावपळ असो, तिचा आवाज चढत नाही. (आईला लेकीच्या कळा पाहवणार नाहीत, हे ती स्वतःच म्हणते.)

तर सांगा: सरकारी दवाखान्यात काकूला आत राहू देतात का, त्यासाठी आधी कुणाला भेटायचं? तिला काय शिकवून ठेवायचं? आणि एक नाजूक गोष्ट. बाळ अडलं तर वरून पोट दाबायचं आणि कळांत पाणी द्यायचं नाही, असं ती मानते. तिचं मन न दुखवता हे कसं सांगू?

प्रतिसाद (स्टाफ नर्स, वर्धा जिल्हा)

ताई, राहू देतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला सोबतीण ठेवण्याची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्येच दिली आहे. नात्यातली बाई हवी, शक्यतो स्वतः बाळंत झालेली. स्वच्छ कपडे, कुठला संसर्गाचा आजार नको, दुसऱ्या बायांच्या खाटेकडे जायचं नाही, आमच्या कामात हात घालायचा नाही. तरीही ऐन रात्री दारात वाद नको. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, त्या दिवशी काकूंना सोबत न्या, लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरशी ओळख करून द्या. आशाताईंनाही घ्या, त्यांचा शब्द चालतो.

शिकवायचं ते असं. कळ आली की माकडहाडाच्या वर तळहाताने घट्ट दाब द्यायचा, कळ गेली की सोडायचा. पडून राहण्यापेक्षा चालवायचं, कुशी बदलायच्या. घोट घोट पाणी द्यायचं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. दर दोन तासांनी लघवीला न्यायचं, हे सगळे विसरतात. पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी ‘जोर लाव’ म्हणायचं नाही, पोरगी उगाच थकते. रक्त जास्त गेलं, पाणी हिरवट आलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच आम्हाला हाक मारायची.

पोट दाबणं मात्र अजिबात नाही. पिशवी फाटू शकते. हे तुम्ही सांगू नका, त्या दिवशी सिस्टरकडूनच सांगायला लावा. काकूंना राग येणार नाही.

आणि सोबत कितीही चांगली असली तरी तिने रक्त वाढत नाही. हिमोग्लोबिनची आणि सिकलसेलची (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी कार्डावर लिहिलेली आहे ना, ते पाहा. आपल्या विदर्भात सिकलसेल फार आहे.

प्रतिसाद (गडचिरोली)

आमच्याकडे दुर्गम गावांतल्या बाया तारखेच्या आधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात येऊन राहतात, सोबत घरचं माणूस असतं. तुमच्याकडे गाडी बोलवावी लागेल, तर काकूंना गाडीतच बसवा, मागून मोटरसायकलने येऊ देऊ नका. खरी भीती रस्त्यातच वाटते.

धागाकर्ती

दोघींचेही खूप आभार. सिकलसेलचा रकाना कोरा आहे, उद्याच विचारते. एकच राहिलं: ऐनवेळी सिझर ठरलं तर काकूचं काय?

स्टाफ नर्स, वर्धा जिल्हा

ऑपरेशनच्या खोलीत सहसा घेत नाहीत. पण बहीण आत जाईपर्यंत काकू जवळ असू द्या, आणि बाहेर आणल्याबरोबर बाळ छातीशी लावायला मदत करू द्या. सिझरनंतर कूस वळवता येत नाही, तेव्हा पहिलं दूध पाजायला दुसरा हात लागतोच.