मदत हवी आहे: यशिकावर पहाटेच्या निगेटिव्ह पातळ येताहेत आणि शेवटच्या फ्रेमना कडेने उजेड लागतोय

नमस्कार. मी इंदूरला, रामबागेत राहते. घरात काकांचा यशिका मॅट १२४ जी आहे. दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरच्या काचेत वाकून बघायचा. दर श्रावणात जानापावला जाऊन एक रोल काढायचा हा काकांचा नेम होता. आता गुडघ्यांमुळे ते फारसे बाहेर पडत नाहीत. गेल्या दिवाळीत त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मला जानापावचा एक फोटो आणून दे, पलंगासमोरच्या भिंतीवर लावायचाय." या पावसाळ्यात तीन रोल संपले, भिंत अजून रिकामी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जानापाव ही महूजवळची टेकडी, उंची ८५४ मीटर. चंबळचा उगम इथलाच, आणि परशुरामांचं जन्मस्थान म्हणून लोक श्रद्धेने येतात. पावसाळ्यात उजाडायच्या आत पोचलं तर ढग पायाखाली असतात. मग ते दरीतून हळूहळू वर चढतात आणि समोरची झाडं एकेक करून पुसली जातात. मला नेमकं तेच हवंय.

फिल्म इलफर्ड एफपी४ प्लस, १२० चा रोल, म्हणजे सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा फ्रेम. त्यातली एक वाया गेली तरी जिवाला लागतं. ट्रायपॉड आणि केबल रिलीज आहे. उजेड मोजायला मीटर कॅमेऱ्याचाच वापरते. मूळचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, म्हणून घड्याळवाल्याकडून साधा बटन सेल आणून चांदीच्या कागदाची घडी लावून बसवलाय. सुई व्यवस्थित हलते.

आता अडचण. पहाटे मीटर एफ ४ ला अर्धा सेकंद म्हणाला. मला खालच्या गवतापासून पलीकडच्या रांगेपर्यंत सगळं स्पष्ट हवं होतं, म्हणून छिद्र लहान करून एफ १६ लावलं, चार स्टॉपचे (दर स्टॉपला वेळ दुप्पट) ८ सेकंद धरले आणि बल्बवर, म्हणजे दाबून ठेवू तोवर शटर उघडं राहतं त्या खुणेवर, तेवढे मोजून दिले. निगेटिव्ह इतकी पातळ आली की झाडं जवळजवळ कोऱ्या काचेसारखी दिसतात. तिन्ही रोलवर पहाटेच्या फ्रेमची हीच गत. रोल घरीच धुते, बादलीत बर्फ टाकून पाणी २० अंशांवर आणते. धुण्यात चूक नसावी, कारण त्याच रोलवर दुपारी राजवाड्यासमोर काढलेल्या दोन फ्रेम झकास आल्यात. काकांना वाटतं शटर चिकटतंय.

दुसरं, जानापावच्या दोन रोलवर अकराव्या-बाराव्या फ्रेमला एका बाजूने काळपट झाक आहे. प्रिंटमध्ये तिथे पांढरा पट्टा येईल. कॅमेऱ्याच्या मागच्या दाराला फट असेल का? दाराचं सील बदलायचं तर कारागीर कुठे मिळेल?

आणि पाताळपाणीच्या धबधब्याला काढलेल्या रोलवर सलग चार फ्रेमच्या मधोमध एक मऊ, गोल डाग आहे. वरच्या काचेत मला काहीच दिसलं नव्हतं. भिंगाला बुरशी लागली असेल या भीतीने दोन दिवस झोप नाही. काकांना अजून सांगितलेलं नाही.

प्रतिसाद (बडोद्याहून):

ताई, आधी झोपा. बुरशी असती तर डाग सगळ्याच रोलवर आला असता. तुम्ही बघता वरच्या भिंगातून आणि फिल्मवर चित्र पडतं खालच्यातून. धबधब्याचा तुषार खालच्या भिंगावर बसला आणि वर तुम्हाला सगळं लख्ख दिसत राहिलं. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात हे होतंच. दर फ्रेमच्या आधी मान वाकवून खालचं भिंग समोरून बघायचं आणि कोरड्या सुती फडक्याने टिपायचं.

शटर चिकटलं तर ते जास्त वेळ उघडं राहील आणि निगेटिव्ह दाट येईल. तुमची पातळ आहे, म्हणजे उजेड कमी पडलाय, तेव्हा शटर बाजूला ठेवा. तुमच्याकडे तीन गोष्टी एकाच दिशेला ओढताहेत. पाऱ्याचा सेल १.३५ व्होल्टचा होता, घड्याळाचा साधा सेल १.५ चा, मीटरला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो. त्यात समोर पांढरं धुकं. मीटर त्याला करडं समजतो, म्हणून निदान एक स्टॉप वाढवून द्यावा लागतो. आणि तिसरं रेसिप्रॉसिटी: एक सेकंदाच्या पुढे फिल्म मंदावते. एफपी४ साठी इलफर्डचा हिशोब असा की मोजलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात घ्यायचा. तुमचे ८ धुक्यामुळे १६ झाले, आणि १६ चे फिल्मसाठी ३३. तुम्ही ८ दिलेत. सेलची चूक वेगळीच. दुपारच्या फ्रेम वाचल्या, कारण तिथे एकटा सेलच चुकत होता आणि तेवढं ही फिल्म सहज पोटात घालते.

कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल घ्या, १.४ व्होल्टचा असतो. बाजूने सैल बसतो, रबराचं कडं लावा. मी पावागडला मामिया आरबी ६७ कॅमेरा नेतो, त्यात दहाच फ्रेम. प्रत्येकीचे सेकंद वहीत लिहून ठेवतो. तुम्हीही लिहा.

कडेच्या उजेडाबद्दल एक सांगा: ती झाक चौकटीच्या आतच थांबते, की दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवरूनही जाते?

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. आत्ता निगेटिव्ह खिडकीला लावून बघितली. झाक कोऱ्या पट्टीवरूनही सलग गेलीय, फिल्मच्या अगदी काठापासून आत.

प्रतिसाद (बडोद्याहून):

मग उजेड भिंगाच्या बाजूने आलेला नाही. आणि दाराला फट असती तर झाक मधल्या फ्रेमनाही आणि तिसऱ्या रोलवरही दिसली असती, तेव्हा कारागीर शोधू नका. उजेड रोल काढल्यावर लागलाय. शेवटच्या फ्रेम सगळ्यात बाहेरच्या वेढ्यात असतात, रोल सैल झाला की रिळाची चकती आणि फिल्ममागचा कागद यांच्यामधून उजेड आत शिरतो. काढताना अंगठ्याने दाबून घट्ट धरा, रोल बंद करायची कागदी पट्टी लगेच चिकटवा, आणि हे सगळं सावलीत, अंगाच्या आडोशाने. फ्रिजमधला रोल असेल तर वेष्टनातच तासभर बाहेर राहू द्या, नाहीतर दमट हवेत फिल्मला घाम सुटतो.

दुसरा प्रतिसाद:

पाताळपाणीला ट्रायपॉड पात्रात मांडू नका, पाणी कमी दिसलं तरी. २०११ च्या जुलैत तिथे अचानक लोंढा येऊन माणसं वाहून गेली होती. वरचा पाऊस खाली कळत नाही. काठावरून जेवढं मिळेल तेवढंच घ्या.

धागाकर्ती:

पाताळपाणीला मी खरंच खडकांवर उतरले होते. पुन्हा नाही उतरणार.

रोल घट्ट न राहण्याचं कारणही आठवलं. जानापावला दोन्ही वेळा भुरभुर पाऊस होता, बोटं ओली होती, पट्टी चिकटेना म्हणून रोल तसाच रेनकोटच्या खिशात टाकला होता. काकांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी कपाटातून त्यांची जुनी वही काढून दिली. प्रत्येक फ्रेमपुढे छिद्र, सेकंद आणि हवा लिहिलेली. जानापावच्या पानावर धुक्याच्या प्रत्येक फ्रेमला पेन्सिलीने "दुप्पट" असा शेरा आहे. ६७५ चा सेल आणलाय. रविवारी पहाटे साडेतीनला निघतेय. रोल धुतला की निगेटिव्ह इथे टाकेन.