कंपनीनेच नेमलेल्या लवादापुढे जायचं का?

पत्रावाला_भोसरी:
भोसरीत माझं शीटमेटलचं वर्कशॉप आहे, इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे बनवतो. पुण्यातल्याच एका कंपनीकडे 14 लाख अडकलेत, जुनं बिल दोन वर्षांचं होत आलं. प्रत्येक चलनावर त्यांच्या स्टोअरची सही आहे. पैसे मागितल्यावर आता म्हणतात, पावडर कोटिंग सोलतंय. वकिलांमार्फत नोटीस पाठवली, तर उत्तर आलं की पर्चेस ऑर्डरच्या मागच्या पानावर लवादाचं (वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याचं) कलम आहे, कोर्टात जाता येणार नाही, एमडींनी लवाद नेमलाय, सोबतच्या संमतिपत्रावर सही करून पाठवा. नेमलेला माणूस त्यांचाच सल्लागार. काय करू?

कालवा_इंजिनिअर:
आधी एकच सांगतो, त्या संमतिपत्रावर सही करू नका. बाकी सगळं नंतर निस्तरता येईल, ही सही नाही.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, आता बांधकामाच्या वादांत लवाद म्हणून बसतो. 1996 च्या लवाद कायद्यात 2015 ला कलम 12(5) आलं. पक्षकाराचा नोकर, सल्लागार किंवा त्याच्याशी धंद्याचा संबंध असलेला माणूस लवाद होऊच शकत नाही. वाद उभा राहिल्यावर तुम्ही स्वतः लेखी मान्यता दिली, तरच ही बंदी उठते. ते कागद त्यासाठीच पाठवतात. आणि वादात ज्याचा स्वार्थ आहे त्या एमडीला एकट्याने लवाद नेमता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन खटल्यात स्पष्ट केलंय.

मात्र लवादालाच घाबरून पळू नका. तुम्हीच लवाद सुरू करायची कलम 21 ची नोटीस द्या, दोन-तीन त्रयस्थ नावं सुचवा. 30 दिवसांत एकमत झालं नाही तर लवाद नेमून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात कलम 11 चा अर्ज. कोर्टातल्या दाव्याची तीन वर्षांची मुदत इथेही लागू आहे, म्हणून नोटीस लवकर जाऊ द्या. दोन्ही बाजूंची निवेदनं पूर्ण झाली की 12 महिन्यांत निवाडा द्यावा लागतो. निवाड्याची वसुली कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच होते. मी स्वतः साइटवर जाऊन काँक्रीट बघतो, तसा तुमचा लवाद डबे बघायला जाऊ शकतो, हा मला या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

पत्रावाला_भोसरी:
खर्च किती येईल?

कालवा_इंजिनिअर:
लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीच्या तक्त्याने 14 लाखांच्या दाव्याला लवादाची फी 76,500, एकटा लवाद असेल तर त्यावर 25 टक्के. साधारणपणे दोघांत निम्मं-निम्मं. वकील वेगळे.

वसुलीताई:
दादा, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का? ऑर्डरच्या आधीची असेल तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे जा. आधी सलोखा, नाही जमला तर लवाद. करारात वेगळं कलम असलं तरी हा मार्ग खुला राहतो, असं सुप्रीम कोर्टाने 2022 ला म्हटलंय. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. शिवाय निवाड्याला आव्हान द्यायचं तर कंपनीला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

कालवा_इंजिनिअर:
ताईंचा मार्ग तुमच्यासाठी जास्त चांगला. माल पुरवलाय, नुसतं बसवण्याचं काम नाही, हे ऑर्डरवर दिसतं ना ते तपासा.

पत्रावाला_भोसरी:
उद्यम 2021 चं आहे, ऑर्डरी सगळ्या नंतरच्या, मालाच्याच. उद्या चलनं आणि कोटिंगवाल्याचे टेस्ट रिपोर्ट घेऊन वकिलांकडे जातो. संमतिपत्र कोरंच ठेवलंय.