सल्ला हवा: एसटी थांब्यासमोरचा गाळा रिकामा झालाय, काय सुरू करावं?

कणीस

नमस्कार मंडळी. बार्शी-सोलापूर रस्त्यावर वैरागच्या अलीकडे आमचं गाव. वस्ती आठ-नऊ हजारांची, शिवाय आसपासच्या खेड्यांचा आठवडी बाजार आमच्याकडेच भरतो. एसटी थांब्यासमोर वडिलांनी बांधलेला एक गाळा आहे. बारा बाय अठरा, स्लॅबचा, मागे दहा-बारा फूट मोकळी जागा. मोबाइलवाला भाडेकरू होता, तो दिवाळीनंतर सोडून गेला. आता वडील म्हणतात भाड्याने देऊ नको, तूच काहीतरी घाल.

गावात आत्ता किराणा सहा, कृषी सेवा केंद्रं चार, मेडिकल तीन, पिठाच्या गिरण्या दोन, चहा-वडापाव मोजायला नको. सलून, झेरॉक्स, पशुखाद्य सगळं आहे. शेजारी डावीकडे सिमेंट-पत्र्याचं दुकान, उजवीकडे पानटपरी. स्वतःचे चार लाख घालू शकतो, थोडं कर्ज चालेल. काय करावं?

पुणेरी_पगडी

चहाची फ्रँचायझी घ्या. एसटी थांबा म्हणजे आयतं गिऱ्हाईक. बोर्ड, कप, मसाला सगळं तेच देतात.

कोपऱ्यावरचा

पगडीकाका, फ्रँचायझीचे पैसे भरून वर एसटीची वाट बघायची? उतरणारा माणूस घरी जातो आणि चढणारा सीट धरायला पळतो. थांब्यावरचा चहा चालतो तो तिथे बसून राहणाऱ्यांवर, आणि त्यांचा अड्डा आधीच ठरलेला असतो. टपरीवाला त्यांना वहीवर चहा देतो, तुमचं क्यूआर कोडचं मशीन देणार नाही.

माणदेशी

कृषी सेवा केंद्र. पाचवं असलं म्हणून काय झालं, शेती आहे तोवर खत-औषध लागणारच.

खळं

माणदेशी, घरात कृषी सेवा केंद्र बघितलेला माणूस म्हणून सांगतो. एकतर परवाने तीन: बियाण्यांचा, खतांचा, कीटकनाशकांचा, तिन्ही वेगवेगळे. कीटकनाशकांसाठी शेतीची किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी लागते, नाहीतर हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा 'देसी' हा वर्षभराचा डिप्लोमा. दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर दुकान चालवणारे आहेत, पण तपासणी आली की तोंडाला फेस येतो.

ते जमेल एकवेळ. उधारी नाही जमत. जूनमध्ये खत नेलं की पैसे सोयाबीन विकल्यावर. सोयाबीनला भाव नाही म्हणून तुरीवर. तूर वांझ गेली की ज्वारीवर. कंपनीला मात्र तुम्ही रोख मोजलेले असतात. चार लाख पहिल्याच पावसात गावभर वाटले जातील आणि वसुलीला गेलात की भाऊकी आडवी येते. ज्याची तीन पिढ्यांची पत आहे आणि आडत पण आहे त्याने हा धंदा करावा.

म्हणून माझं एकच म्हणणं. यादीतला प्रत्येक धंदा ह्या प्रश्नावर तपासा: गिऱ्हाईक पैसे कधी देणार?

घाटावरची

खळं यांना +१. आणि दुसरा प्रश्न माझा: तुमच्या गावची माणसं कशासाठी बार्शीला जातात? गावात जे आहे त्याची यादी तुम्ही दिलीत. जे नाही त्याची द्या.

विदर्भकन्या

पिठाच्या गिरण्या दोनच आहेत म्हणालात. तिसरी चालेल की! सोबत मिरची-हळद कांडप, शेवयाचं मशीन.

जमाखर्च

गिरणीचा हिशोब मांडून बघा. १० एचपीची मोटार म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट, पूर्ण लोडवर तासाला साडेसात युनिटांपेक्षा थोडी जास्तच. आमच्याकडे दळणाचा दर किलोला ५ रुपये आहे. दिवसाला शंभर किलो दळण आलं, आणि तिसऱ्या गिरणीकडे तेवढं येणं सोपं नाही, तर पाचशे रुपये. त्यातून वीज, दगडाला टाकी लावणं, पट्टा, आणि दिवसभर बसलेल्या माणसाची मजुरी. खरी कमाई कांडपात आहे, पण ती फेब्रुवारी ते मे. वीज उद्योगाच्या दराने मिळते ही त्यातली जमेची बाजू. आधीच्या दोन गिरण्यांपैकी एकाकडे जरी कांडप असेल तरी मी पडणार नाही.

मेडिकलचा विचार असेल तर नोंदणीकृत फार्मासिस्ट दुकानात हजर लागतो, तो घरातला नसेल तर सोडून द्या.

कणीस

सगळ्यांचे आभार. कांडप एकाकडे आहे. घाटावरची ताई, तुमच्या प्रश्नावर काल रात्री घरात बसून यादी केली. बार्शीला माणसं जातात ती दवाखाना, सोनं, लग्नाचा बस्ता, ट्रॅक्टरचे पार्ट, जळालेल्या मोटारी, ब्लाउज शिवायला, आणि चष्मा.

आर्मेचर

थांबा. जळालेल्या मोटारी बार्शीला जातात? गावात वाइंडिंगवाला, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरणारा, नाही?

कणीस

एक होता, त्यांचं वय झालं, बंद केलं. आता वैराग नाहीतर बार्शी.

आर्मेचर

आणि तुम्हाला स्वतःला काय येतं ते धाग्यात कुठेच लिहिलेलं नाही.

कणीस

आयटीआय इलेक्ट्रिशियन. चाकणला एका कंपनीत पॅनल वायरिंग करत होतो, मागच्या वर्षी गावी आलो. आणि मिसेस ब्लाउज शिवतात, घरातच, फॉल-पिकोचं मशीनही आहे.

कोपऱ्यावरचा

दादा, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं हो! आम्ही इथं चहा विकतोय.

आर्मेचर

आता जरा लांब लिहितो, कारण हा माझाच धंदा आहे (गाव वेगळं, जिल्हा वेगळा).

विहीर-बोअरची मोटार जळते ती बहुतेक रब्बीत आणि उन्हाळ्यात. लाइन आली की सगळ्या शिवाराच्या मोटारी एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं, अँपिअर (करंट) चढतो. नाहीतर एक फेज जातो आणि अशा वेळी मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर कधीचा बायपास करून ठेवलेला असतो. नाहीतर बोअरचं पाणी खाली जाऊन मोटार कोरडी फिरते. कांद्याला पाणी हवं असतं आणि मोटार वर काढलेली असते, अशा शेतकऱ्याला दोन दिवस थांबणं परवडत नाही. तो मोटार सोडवून न्यायला येतो तेव्हा पैसे घेऊन येतो. खळं यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: मोटार तुमच्या ताब्यात आहे, पैसे दिल्याशिवाय ती उचलली जात नाही. पाहुणे-रावळे उधारी मागतील, पण खताच्या दुकानासारखी वही फुगत नाही.

आता अडचणी. पॅनल वायरिंग वेगळं, वाइंडिंग वेगळं. जुन्या कॉइलचे वेढे मोजणं, तारेचा गेज, स्लॉटचं इन्सुलेशन, कनेक्शन, व्हार्निश, हे हातात बसायला एक अख्खा सीझन लागतो. पाण्यात बुडणाऱ्या मोटारीची पॉलीवाली (प्लास्टिकचं आवरण असलेली) तार आणखी वेगळी, तिला स्लॉटमध्ये ओढताना कुठे खरचटली की आठवड्यात परत. एखाद्या चांगल्या मिस्त्रीकडे बार्शीला हा उन्हाळा काढा, पगार मागू नका. शक्य असेल तर आधीच्या त्या काकांना गाळ्यात आणून खुर्ची द्या. हात थरथरत असतील, पण डाटा डोक्यात असतो त्यांच्या. कुठल्या कंपनीच्या ५ एचपीला किती वेढे, हे पुस्तकात मिळत नाही.

दुसरं, मोटार शेतकरी आणत नाही. बोअरमधून मोटार काढणारी घोडीवाली पोरं आणतात. ती ठरवतात कुठे टाकायची. त्यांच्याशी संबंध ठेवा.

तिसरं, तांब्याच्या तारेचा साठा करू नका, भाव रोज हलतो. लागेल तशी किलोवर आणा. भांडवल घालायचं तर स्टार्टर, कपॅसिटर, प्रिव्हेंटर, केबल, फ्यूज यात घाला. मोटार सोडवायला आलेला माणूस जळालेला स्टार्टर पण बदलतो. जुनं तांबं गिऱ्हाइकाला परत द्यायचं की मजुरीत धरायचं ते आधीच बोला, भांडणं त्यावरच होतात. आणि मोटार देताना अँपिअर मोजून बिलावर लिहा. महिन्याने 'तुझ्या वाइंडिंगमुळे जळाली' म्हणून आला की तो कागद उपयोगी पडतो.

पावसाळ्यात मोटारी येत नाहीत. तेव्हा पंखे, मिक्सर, आणि उधार राहिलेल्यांच्या घरी चकरा.

पुणेरी_पगडी

पण आता सगळीकडे सौर पंप येतायत ना? पाच वर्षांनी हा धंदा राहील का?

आर्मेचर

चांगला प्रश्न आहे, टोमणा नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतल्या पंपाची पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्या कंपनीकडे असते, म्हणजे ती मोटार तुमच्याकडे येणार नाही. पण ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे, त्यामुळे लाइनवरच्या मोटारी कोणी लगेच उपसून टाकत नाही. शिवाय पाच वर्षं संपली की सौरवाले पण कोणाला तरी शोधणारच. तोवर सौर पंपाचा कंट्रोलर शिकून घ्या. पॅनलवाला माणूस आहात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर येईल.

सुईदोरा

सगळे मोटारीच्या मागे लागलात. वहिनींचं कोणी बोलेना!

यादीत ब्लाउज आहे की. बायका शिवायला बार्शीपर्यंत जातायत आणि शिवणारी घरात बसलीय. एसटी थांब्यासमोर गाळा म्हणजे बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बायका समोरच उतरणार. कापड टाकायचं, बाजार करायचा, आधीच्या खेपेचं शिवलेलं घेऊन परत गाडी. फॉल-पिको तर उभ्या उभ्या होतं. मॅचिंग ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, धागे एवढं ठेवलं तरी रोख गल्ला. मी म्हणते गाळा वहिनींना द्या, तुम्ही मोटारी मागच्या मोकळ्या जागेत करा. तेल-व्हार्निशचा पसारा पुढे नकोच.

फक्त एक विचारते, शेजारची पानटपरी कशी आहे? तिथे पोरं घोळक्याने उभी राहत असतील तर बायका पायरी चढणार नाहीत, कितीही छान शिवलं तरी.

घाटावरची

सुईदोरा, अगदी हेच लिहायला आले होते.

जमाखर्च

पैशाचं थोडक्यात. ह्या आकाराला मुद्रा कर्ज पुरे: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत. वहिनींच्या नावावर वेगळं घेता येईल. अनुदान हवं असेल तर केंद्राची रोजगार निर्मितीची पीएमईजीपी योजना किंवा राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, अर्ज चालू आहेत का ते सोलापूरला जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. पीएमईजीपीचं अनुदान हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं. आणि धंदा नवीनच लागतो, आधी सुरू करून मग अर्ज केला तर बाद. म्हणून मशीनला हात लावण्याआधी ठरवा. माझं मत विचाराल तर चार लाख जवळ असताना एवढ्यासाठी दहा खेटे घालू नयेत.

दुकान कायद्याखाली वीसपेक्षा कमी माणसं असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, लायसन्स नाही. जीएसटी नुसत्या मालाच्या विक्रीला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. दुरुस्तीची मजुरी आली की २० लाखांची मर्यादा धरून चाला.

कणीस

धागा मिसेसला वाचून दाखवला. सुईदोरा ताईंचं वाचून म्हणाल्या, "ह्या बाईला आपल्या गावी बोलवा." टपरीचं खरं आहे, संध्याकाळी घोळका असतो. पण बाजाराचं काम चारपर्यंत संपतं, आणि टपरीवाला आमच्याच जागेत आहे, त्याला दहा फूट पलीकडे सरकवता येईल असं वडील म्हणतात.

ठरलं ते असं: गाळ्यात पुढे मिसेस, ह्याच महिन्यापासून, कारण मशीन घरातच आहे. मी उन्हाळाभर बार्शीला मिस्त्रीकडे. जुन्या काकांना पण भेटून आलो, ते यायला तयार आहेत, चहा दोन वेळा हवा म्हणाले. मागच्या जागेवर पत्रा टाकून थ्री फेज मागवतो. एकच शंका, पुढचं आणि मागचं वेगळं करायला पत्र्याची पार्टिशन पुरेल का?

आर्मेचर

पत्रा नको. मोटार टेस्टला लावली की तो थरथरतो, वहिनींना गिऱ्हाइकाचं माप ऐकू येणार नाही. चार इंची विटेचं बांधा, दार मागच्या बोळातून काढा म्हणजे घोडीवाल्यांचा टेम्पो तिथंच लागेल.