अर्जुनसाल, गुग्गुळ आणि धमनीविकाराची सुरुवात: पुरावा कितपत आहे?

मृण्मयी: माझ्या वडिलांच्या मानेच्या धमनीच्या डॉपलर तपासणीत भिंत किंचित जाड झाल्याचे व एका जागी लहानसा थर साचल्याचे दिसले आहे. डॉक्टरांनी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल घटवणारे स्टॅटिन गटातील औषध सुरू केले आहे. पण बाबांचा ओढा अर्जुनाच्या सालीच्या काढ्याकडे आहे आणि गुग्गुळ (एका झुडपाचा औषधी डिंक) ही घ्यावा, असे आत्याचे म्हणणे आहे. या झाडांतील घटकांचा धमनीवरील परिणाम माणसांमध्ये तपासला गेला आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वैद्य_सातारकर: अर्जुनसालीचा हृदयरोगातील उपयोग प्राचीन आयुर्वेदाचार्य वाग्भटाच्या काळापासून चालत आला असून ती दुधात उकळून क्षीरपाकाच्या रूपात देतात. सालीत अर्जुनोलिक आम्लासारखी ट्रायटर्पेनॉइड द्रव्ये, फ्लॅव्होनॉइड्स आणि भरपूर टॅनिन असते. धमनीविकाराची सुरुवात आतील अस्तर बिघडण्यापासून होते. ते धमनी सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड पुरेसे तयार करीनासे होते, धमनी गरजेप्रमाणे रुंदावत नाही आणि कोलेस्टेरॉल भिंतीत साचू लागते. नेमक्या याच टप्प्याबद्दल इंदूरच्या संशोधकांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात धूम्रपान करणाऱ्या १८ पुरुषांना दर आठ तासांनी ५०० मिलिग्रॅम अर्जुन दोन आठवडे दिले, तुलनेसाठी तेवढाच काळ निष्क्रिय गोळीही दिली, आणि अर्जुनाच्या काळात दंडाच्या धमनीची रुंदावण्याची क्षमता सुधारलेली आढळली. मला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो. परंतु साचलेला थर घटतो किंवा हृदयविकाराचा झटका टळतो, हे एवढ्या लहान अभ्यासावरून मुळीच म्हणता येत नाही.

निरंजन_औषधशास्त्र: गुग्गुळाबाबत मात्र अधिक सावध राहावे. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर केलेल्या कामातून त्याचा कोलेस्टेरॉल घटवणारा गुण पुढे आला, आणि त्यातील गुग्गुलस्टेरोन हा घटक, कोलेस्टेरॉलपासून बनणाऱ्या पित्ताम्लांशी निगडित असलेल्या फार्नेसॉइड एक्स रिसेप्टरला (पेशीतील संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) अडवतो, हे २००२ मध्ये दिसले. इतकी सुसंगत कारणमीमांसा हाती असूनही, २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, कमी होण्याऐवजी सुमारे ४ ते ५ टक्क्यांनी वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळही उठले. शिवाय गुग्गुळाची झुडपे राजस्थान आणि कच्छमध्ये डिंकासाठी इतकी ओरबाडली गेली आहेत, की ती जाती आज अतिसंकटग्रस्त मानली जाते. हेही आत्यांना अवश्य सांगावे.

मृण्मयी: दोघांचेही मनापासून आभार. स्टॅटिन चालू ठेवून अर्जुन घेतले तर चालेल का?

वैद्य_सातारकर: स्वतःच्या मनाने घेऊ नये. अर्जुनसालीचा अर्क यकृतातील काही विकरांचे (एन्झाइमचे) काम मंदावतो, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे, आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचे विघटन अशाच विकरांकडून होते. थर कमी करण्याबाबत आणि झटका टाळण्याबाबत स्टॅटिनमागे हजारो रुग्णांवरील चाचण्यांचा पुरावा आहे, त्यामुळे ते बंद करण्याचा विचारही बाबांनी करू नये. अर्जुन घ्यायचेच असेल, तर चूर्ण की अर्क, किती आणि कोणत्या वेळी, हे कागदावर लिहून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि त्यांच्या संमतीनंतरच सुरू करून पुढील रक्ततपासणीत यकृताची चाचणीही करून घ्यावी.